आम्ही इथे ताजंच खातो

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या वहिनीमुळे. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी तिच्याशी नीट वागलेलो नाही.

वडील मला आठवतही नाहीत. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. भाऊ बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. वहिनी लग्न होऊन आमच्या करंजा गावातल्या घरात आली त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तिच्या वाट्याला हा बारा वर्षांचा दीर आला. ती बंदरावरच्या लिलावात जवळा घ्यायची, खळ्यावर सुकवायची आणि उरण-पनवेलच्या बाजारात विकायला पाठवायची. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. सुकली की तिला सुकट म्हणतात. त्या सुकटीवर मी शाळा शिकलो, पनवेलला कॉलेजात गेलो आणि बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पदवी घेतलेला पहिला माणूस मी. निकालाच्या दिवशी वहिनीने पापलेट आणलं. तिने स्वतः पैसे मोजून पापलेट घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कारण अमुकच मासा हवा म्हणून ती कधी घरातून निघायचीच नाही. लिलाव संपत आला की जायची आणि बोटींनी त्या दिवशी जे ढिगाने आणलं असेल ते घ्यायची. मांदेली तर मांदेली, ढोमी तर ढोमी. कधी तर चार जातींची मिसळ, तीही पाटीच्या तळाशी उरलेली. त्याबरोबर तांदळाची भाकरी, दारातल्या शेवग्याचा पाला, कुणाच्या तरी वाडीतली अंबाडी. एप्रिल-मे आला की पावसाळ्याची बेगमी सुरू व्हायची. सुकट, सुके बोंबील, वाल, आंबोशी, सगळं उन्हात कडक करून डब्यांत भरायचं. पावसात बोटी बंद असत, घरात पैसा येत नसे, तरी त्या महिन्यांत आम्ही वाईट खाल्लं असं मला एकदाही आठवत नाही.

हे सगळं मी दहा वर्षं डोळ्यांनी पाहिलं, आणि स्वतःचा संसार मांडला तेव्हा त्यातलं काहीही केलं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वाहतूकदाराच्या कचेरीत मला नोकरी लागली. लग्न झालं. बायको कर्जतकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बारावी झालेली. रोडपालीला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. पगारातला निम्मा भाग भाड्यात जायचा. भाडं कमी होणार नव्हतं, विजेचं बिल कमी होणार नव्हतं; कमी होण्यासारखा खर्च एकच, किराणा आणि भाजी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला वाटलं, हे काम आपल्याला जमलंच पाहिजे.

दर रविवारी सकाळी मी पनवेलच्या बाजारात जायचो. खिशात छोटी वही. तूरडाळीचा भाव तीन दुकानांत विचारायचा, लिहायचा, पुन्हा पहिल्या दुकानात यायचं. दुकानदार मला ओळखायला लागले होते. एकजण तर मला बघताच गल्ल्यावरून ओरडायचा, ‘या साहेब, आज घेणार की नुसतंच लिहिणार?’ मी हसायचो, पण आतून चिडायचो. दोन तास असे घालवून पिशव्या भरल्या की स्टँडपाशी यायचं. रोडपालीला यायला रिक्षावाला जे सांगायचा त्यात वाचवलेलं सगळं जायचं. मग रिक्षा बंद केली. बस म्हणजे पाऊण तास उन्हात उभं राहणं. घरी पोचेपर्यंत पालेभाजी काळवंडायची, आणि बायको ती निवडताना अर्धी टोपलीत आणि अर्धी कचऱ्यात टाकायची.  

महामार्गाच्या कडेला तेव्हा नवीनच मोठी दुकानं उघडली होती, थंडगार हवेची, ढकलगाडी घेऊन फिरायची. तिथे एकावर एक फुकट असे. डाळ आणायला गेलेला मी दोन पाकिटं शेवया, दोन बाटल्या सरबत आणि फरशी पुसायचं औषध घेऊन परत आलो. डाळीवर काहीच फुकट नव्हतं.

मग मला बेगमी आठवली. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, वहिनीही तेच करायची, असं मनाशी म्हणून मी तांदळाचं पोतं आणलं. वहिनीच्या घरी अंगण होतं, ऊन होतं. आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. दोन महिन्यांत तांदळात सोनकिडे झाले. बायको रोज संध्याकाळी परात घेऊन निवडत बसायची. एवढं होऊनही मी थांबलो नाही. पुढच्या रविवारी ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर बटाट्याची गोणी घरी आणली.

‘अहो,’ बायको दारात उभी राहून म्हणाली, ‘आपल्याकडे कुणाचं लग्न आहे का?’

‘बाजारभावाच्या निम्म्याने मिळाले.’

‘मिळाले ना. आता खाणारी माणसंही निम्म्या भावात आणा. आपण दोघंच आहोत.’

वहिनी दरवर्षी मे महिन्यात आमचा वाटा पाठवायची. करंज्याची एक मावशी सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची, तिच्याबरोबर एक मोठा पत्र्याचा डबा यायचा. सुकट, बोंबील, थोडी वाकटी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो डबा मी हौसेने घरी आणला. बायकोने आयुष्यात सुकट खाल्ली नव्हती. कांदा, लसूण, लाल तिखट, कोकमाचं आगळ घालून केलेली ती कोरडी चटणी तिने भाकरीबरोबर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता पुन्हा केली. महिनाभर आमच्या भाजीचा खर्च जवळजवळ नव्हताच. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. वहीत मात्र मी फक्त घेतलेल्या वस्तू लिहायचो. फुकट आलेल्या वस्तूला माझ्या वहीत जागाच नव्हती.

एके दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. तेच सेक्रेटरी.

‘मला स्वतःला काही त्रास नाही हं,’ ते म्हणाले, ‘पण लोक बोलतात. वास वरपासून खालपर्यंत फिरतो. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय सांगायचं.’

ते शेवटचं वाक्य मला लागलं. उरलेली सुकट मी कचेरीतल्या हमालांना वाटून टाकली. पुढच्या वर्षी डबा आला तेव्हा मी बाजारात जाऊन मावशीला म्हटलं, ‘वहिनीला सांग, आता पाठवू नको. आम्ही इथे ताजंच खातो.’ मावशीने माझ्याकडे पाहिलं, डबा पुन्हा पाटीमागे सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.

निरोप कमी पडेल म्हणून मी पत्रातही तसंच लिहिलं. त्या पत्रांबद्दल सांगायला हवं. करंज्याला शेजाऱ्यांकडे फोन होता, पण फोनवर वहिनी ‘बरा हायस ना?’ एवढंच विचारून ठेवून द्यायची. पत्र तिला आवडायचं, कारण ते पुन्हा पुन्हा ऐकता यायचं. तिला वाचता येत नाही. बर्फाच्या कारखान्यातले एक वयस्क कारकून दुपारी खळ्याच्या कडेला सावलीत येऊन बसत; ते माझं पत्र मोठ्याने वाचत, आणि जवळा निवडणाऱ्या आठ-दहा बायका ऐकत. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी नेहमी त्या आठ-दहा बायकांना ऐकायला छान वाटेल असंच लिहायचो. साहेब माझ्यावर खूश आहेत. घरात पंखे दोन आहेत. इथे मोठी थंड दुकानं आहेत. आम्ही रोज ताजी मासळी खातो. वहिनीला त्या बायकांसमोर मान वर करता यावी, असं मी स्वतःला सांगायचो.

खरं म्हणजे ताजी मासळी महिन्यातून एकदा यायची. तीसुद्धा मी नाव घेऊन मागायचो, सुरमई नाहीतर पापलेट, आणि भाव ऐकून पाव किलोच घ्यायचो.

दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले. चौथ्या महिन्यात तिचं जेवण कमी झालं. पाचव्यात ती जिना चढताना दोनदा बसायला लागली. पनवेलच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, ‘चांगलं खायला घाला.’ मी परत येताना औषधाच्या दुकानातून ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा घेतला. तो इतका महाग होता की त्या महिन्यात मी अंडी बंद केली. आज हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. बायको दोन चमचे दुधात घालून प्यायची आणि मोरीकडे धावायची.

‘हे मला नको,’ ती म्हणाली.

‘पैसे गेलेत त्याचे.’

‘मग तुम्ही प्या.’

आणि मी प्यायलो. तो डबा मी संपवला. माझं वजन वाढलं.

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. रक्त आणखी खाली. डॉक्टरीणबाई कोकणी मुसलमान घरातल्या होत्या, मोठ्या वयाच्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे दुर्लक्ष करून तिलाच विचारलं, ‘बेटा, गोळ्या घेतेस?’

‘घेते.’

‘मग जेवतेस काय?’

‘बटाटा.’

‘रोज?’

‘गोणी आहे ना घरात,’ बायको म्हणाली. ‘संपेपर्यंत बटाटाच.’

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

‘तुला खावंसं काय वाटतं? खरं सांग.’

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सुकट.’

‘या अल्ला,’ डॉक्टरीणबाई हसल्या, ‘मला वाटलं, ही आता आंबा मागणार अवकाळी. सुकटच ना? मग द्या की हो! कुठले तुम्ही?’

‘करंज्याचे,’ मी म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. ‘करंज्याचे आहात आणि बायकोला सुकट मिळत नाही? खारवलेलं नको, साधा जवळा द्या. पाला द्या, अंडं द्या, वर लिंबू पिळा. गोळ्या मी देतेय, पण पोटात जेवण गेलं तर गोळी काम करील. हे असंच राहिलं तर बाळंतपण मी इथे करणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा, रक्ताची सोय करून ठेवा. जिवाशी खेळ मी करत नाही.’

बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली आणि मी तसाच मासळीबाजारात गेलो. मावशी तिच्या जागेवर होती. पाटीत ढीगभर जवळा, गुलाबी, कडक.

‘मावशी, अर्धा किलो दे.’

‘कोनासाठी?’

‘घरी.’

तिने तराजू उचललाच नाही. ‘तुमी तर ताजाच खाता ना?’

आजूबाजूच्या दोघी हसल्या. मी पैसे पुढे केले.

‘ठेव ते खिशान,’ ती म्हणाली. ‘तुला मी इकनार नाय. तुज्या घरचा खला जवल्याने भरलेला हाय, आनि तू माज्यापाशी इकत मागतस? उद्या वयनीने इचारला तर मी काय तोंड दाखवू?’

हे मी विसरलो होतो. आमच्याकडे ज्याच्या घरी सुकवतात त्याला बाजारात कुणी सुकी मासळी विकत नाही. विकणं म्हणजे त्या घरच्या बाईचा अपमान; जणू तिने आपल्या माणसाला उपाशी ठेवलं. मी शेजारच्या बाईकडे वळलो. तिने पाटीवर फडका टाकला.

‘मावशी, बायको आजारी आहे,’ मी म्हटलं.

ती थोडी नरमली, पण तराजू खालीच राहिला. ‘मग घरी कलव. तुजा वाटा वयनीने भरून ठेवलाय. गेल्या वर्साचा पन होता, तो पावसान खराब झाला तवा रडली ती. यंदाचा तरी ने. गिऱ्हाइक आला तरी त्या डब्याला हात लावून देत नाय ती.’

मी तिथून निघालो आणि जे करायला नको होतं तेच केलं. स्टँडजवळच्या एका दुकानातून पाकिटातली सुकट घेतली. बायकोने त्याच दुपारी चटणी केली, किती दिवसांनी स्वतःहून पाट घेऊन जेवायला बसली, पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. वाळू. सुकट रेतीवरच वाळवलेली होती. तिने तीनदा धुऊन पुन्हा केली, पुन्हा कचकच. ताट सरकवून म्हणाली, ‘वहिनींच्या सुकटीत कधी एक खडा लागला नव्हता.’ आणि बटाट्याच्या भाजीकडे बघून ती रडायला लागली. लग्नानंतर तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

‘उद्या रविवार आहे,’ ती डोळे पुसून म्हणाली. ‘करंज्याला जा आणि डबा घेऊन या. दोन तासांचा तर रस्ता.’

जाता आलं असतं. पण मी वहिनीच्या दारात उभा राहिलो असतो तर तिने एक शब्द विचारला नसता. डबा हातात दिला असता, वर जेवू घातलं असतं, आणि खळ्यावरच्या बायकांना सांगितलं असतं की आमचा बाला सहज भेटायला आला होता. माझं खोटं तिने आणखी एकदा झाकलं असतं. ते खोटं आठ-दहा जणींसमोर मोठ्याने वाचलं गेलं होतं. ते तिथेच, त्यांच्यासमोरच मागे घ्यायला हवं होतं. ‘मी आधी पत्र टाकतो,’ मी म्हटलं. बायकोला ते पटलं नाही. ‘तुमचं पत्र पोचेपर्यंत मी काय खाऊ?’ तिने विचारलं. मी खाली गेलो, सहा अंडी, लिंबं आणि मेथीची जुडी आणली, भाव न विचारता. मग लिहायला बसलो.

ते पत्र आज माझ्याकडे आहे. आमच्या मुलीच्या बारशाला वहिनी आली तेव्हा ते सुकटीच्या डब्यात घालून परत घेऊन आली. ‘तूच ठेव,’ म्हणाली, ‘माजा पाठ झालाय.’ कागदाला अजून वास आहे. ते पत्र असं:

तीर्थस्वरूप वहिनीस, बालाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र नेहमीसारखं खळ्यावर सगळ्यांसमोर वाचून घे. वाचणाऱ्या काकांना सांग, एकही ओळ गाळू नका.

आम्ही इथे ताजंच खातो असं मी लिहिलं होतं ते खोटं आहे. आम्ही बटाटे खातो. मी ते गोणीने आणले, स्वस्त मिळाले म्हणून. त्याआधी तांदूळ आणला, त्याला किडे लागले. माझा पगार बरा आहे, मी कष्टही करतो, पण मला घर चालवता येत नाही. तुझा डबा मी परत केला तो वासाची लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. त्याच वासात मी शाळेचा अभ्यास केला आणि मला त्याची लाज वाटली.

तिला सहावा महिना लागतोय आणि तिच्या अंगात रक्त नाही. तिला दुसरं काही जात नाही, तुझी सुकट मागते. मी बाजारात विकत घ्यायला गेलो होतो. मावशीने दिली नाही. तिने बरोबर केलं, तिच्यावर रागावू नकोस.

माझा वाटा पाठव. खालचे काका बोलतील, त्यांना मी उत्तर देईन. गच्चीची किल्लीही मागणार आहे, डब्याला ऊन दाखवायला.

आणि जमलं तर तूच ये. भाऊ बोटीवर असेल तेव्हा आठ दिवस ये. रविवारी माझ्याबरोबर बाजारात चल. मी वही घरी ठेवीन. तू भाव कर, मी पिशवी धरतो.

तुझा,
बाला